मोठ्या हॉटेलातील जेवण आणि आपला हक्क

सोलापूर-हैदराबाद महामार्गावरील आमच्या जळकोटसारख्या गावातील कष्टकरी कुटुंबे पूर्वी बाहेर जेवत ती नाइलाज म्हणून. प्रवासात किंवा दवाखान्याच्या कामात घरून बांधून आणलेली भाकरी संपली, तरच खानावळीची पायरी चढायची. आता दिवस बदलले आहेत. मुलगा नोकरीला लागला, मुलगी चांगल्या गुणांनी पास झाली की सोलापूरला जाऊन मोठ्या हॉटेलात जेवावे, अशी मुलाबाळांची हौस असते. ही हौस वावगी नाही. कष्टाच्या पैशाने चार घास आनंदाने खाण्यात गैर ते काय? मात्र त्या पैशाचा हिशेबही आपल्याला मागता आला पाहिजे.

गेल्या वर्षी मुलगी बारावी पास झाली, म्हणून आम्ही घरची पाच माणसे अशाच एका वातानुकूलित हॉटेलात गेलो. बसताच न मागता पाण्याच्या दोन बाटल्या फोडून ठेवण्यात आल्या. जेवण यायला पाऊण तास लागला. पनीरची भाजी कोमट आणि गोडसर, रोट्या वातड. सांगितले तर उत्तर मिळाले, "इथं असंच असतं, साहेब." मुलीची आई हळूच म्हणाली, "यापेक्षा घरची शेंगाची चटणी अन् कडक भाकरी बरी." मुलगी मात्र गप्प झाली. आपल्यासाठी एवढा खर्च झाला आणि तो वाया गेला, हे तिच्या तोंडावर दिसत होते.

मग बिल आले. जेवण व पाणी मिळून 1640 रुपये. त्यावर 10 टक्के सेवा शुल्क 164 रुपये. या दोन्हींच्या बेरजेवर, म्हणजे 1804 रुपयांवर, 5 टक्के जीएसटी 90 रुपये 20 पैसे. एकूण 1894 रुपये 20 पैसे. आम्ही व्यवस्थापकाला बोलावून सेवा शुल्क काढण्यास सांगितले. "हा आमच्या हॉटेलचा नियम आहे," असे ते म्हणाले. आम्ही ग्राहक हेल्पलाइनला तिथूनच फोन लावतो म्हटल्यावर दुसरे बिल आले. 1640 अधिक जीएसटी 82, एकूण 1722 रुपये. म्हणजे 172 रुपये 20 पैसे वाचले. एवढ्या पैशात शाळकरी मुलाच्या वह्या येतात!

वाचक बंधुभगिनींनो, सेवा शुल्क हा सरकारी कर नव्हे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 4 जुलै 2022 रोजी मार्गदर्शक तत्त्वे काढली. हॉटेलने हे शुल्क आपोआप बिलात लावू नये, दुसऱ्या नावाने घेऊ नये, ते बिलात मिळवून त्यावर जीएसटी आकारू नये आणि ते दिले नाही म्हणून कोणाला प्रवेश नाकारू नये, असे त्यात स्पष्ट आहे. हॉटेलवाल्यांच्या संघटना याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. 28 मार्च 2025 रोजी एकलपीठाने त्यांच्या याचिका फेटाळल्या आणि प्रत्येकी एक लाख रुपये खर्च बसवला. त्यावर संघटना अपिलात गेल्या. वेटरला स्वखुशीने काही देणे ही वेगळी गोष्ट. तोही आपल्यासारखाच कामगार आहे. त्याच्यावर आवाज चढवू नये, बोलायचे ते मालकाशी किंवा व्यवस्थापकाशी.

पाण्याच्या बाटलीचे मात्र निराळे आहे. हॉटेलात बसून घेतलेल्या बाटलीला छापील किमतीपेक्षा जास्त दर लावता येतो, असा सर्वोच्च न्यायालयाचा 12 डिसेंबर 2017 चा निर्णय आहे. म्हणून बसल्याबरोबर साधे पाणी मागावे. न मागवलेली बाटली फोडण्याआधीच परत करावी.

बिलावर हॉटेलचा अन्न परवान्याचा 14 अंकी क्रमांक असतो, तोही पाहावा. अन्न शिळे किंवा खराब असेल तर अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करता येते. फसवणुकीसाठी 1915 हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे. तेवढ्याने भागले नाही, तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार देता येते. म्हणजे हॉटेल सोलापूरचे असले, तरी जळकोटच्या माणसाला धाराशिवला दाद मागता येईल. मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. वकीलही सक्तीचा नाही. मुदत दोन वर्षांची आहे. म्हणून बिल जपून ठेवावे.

आपल्यापैकी अनेकांच्या आजोबांना चहाच्या दुकानात वेगळ्या कपात, दाराबाहेर उभे राहून चहा प्यावा लागला. उपाहारगृहे आणि हॉटेले सर्वांना खुली असतील, हे संविधानाच्या कलम 15 (2) ने सांगितले आणि 1955 च्या कायद्याने अस्पृश्यतेच्या कारणावरून तेथे अडवणे हा गुन्हा ठरवला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या संविधानाने मिळालेल्या त्या खुर्चीवर बसून, 'लोक काय म्हणतील' या भीतीने आपण चुकीचे बिल मुकाट्याने का भरावे? हिशेब विचारणे म्हणजे भांडण नव्हे आणि गरिबीचे प्रदर्शन तर मुळीच नव्हे.

पुढच्या वेळी हॉटेलात जाल तेव्हा पैसे काढण्याआधी बिल मुलांच्या हाती द्या. बेरीज त्यांना करू द्या आणि शंका आली तर त्यांनाच विचारू द्या.