झाडावरचा बिबळ्या

बिबळ्याचे छायाचित्र काढण्याची हौस मराठीच्या प्राध्यापकाला शोभणारी नव्हे! तरी अकोले तालुक्यात उसाच्या फडालगत लिंबावर बिबळ्या चढल्याचे कळताच मीही धावलो. खाली माणसांचा नुसता कल्लोळ. कॅमेऱ्याच्या भिंगातून पाहिले, तो कान मागे पडलेले, पोट भात्यासारखे हलणारे. ही ऐट नव्हती; भीती होती.

याच तालुक्यात डॉ. विद्या अत्रेय यांनी वाटांवर आपोआप टिपणारे कॅमेरे लावले होते. १०० चौरस किलोमीटरला सुमारे ५ प्रौढ बिबळे असल्याचे २०१३ साली प्रसिद्ध झाले. म्हणजे एरवी रात्री ते आपल्या वस्तीजवळून निमूट जातात!

मी कॅमेरा पिशवीत टाकला, चार जाणत्यांना घेऊन गर्दी हटवली. अंधारात झाड रिकामे झाले. छायाचित्र निघाले नाही. पण वाचकहो, त्या रात्री तो आणि आम्ही, दोघेही सुखरूप घरी गेलो.