पान्हा, संकोच आणि सुती कापड
स्तनदा मातांसाठी ब्रेस्ट पॅडची निवड

बाळंतपणानंतर तपासणीस येणारी माता बाळाचे वजन, लसीकरण, टाके यांविषयी सहसा मोकळेपणाने विचारते. दुधाने भिजणाऱ्या कपड्यांचा विषय मात्र बहुधा तपासणी आटोपल्यावर, दाराशी थांबून आणि हलक्या आवाजात निघतो. विषय लहान वाटला तरी त्याचे परिणाम लहान नाहीत. संकोचामुळे कोणी घराबाहेर पडणे टाळते, कोणी ओले कापड तासन् तास अंगावर वागवते, तर कोणी कंटाळून अंगावर पाजणेच कमी करते. पहिले सहा महिने बाळास केवळ आईचेच दूध द्यावे, ही जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. ती प्रत्यक्षात उतरावयाची असेल, तर मातेच्या या अडचणीकडे आपण सर्वांनीच लक्ष द्यावयास हवे.

दूध का गळते?

बाळ अंगावर पिऊ लागले, रडले, किंवा नुसती त्याची आठवण झाली तरी मातेच्या मेंदूतून ऑक्सिटोसिन नावाचे संप्रेरक स्रवते. त्यामुळे स्तनांतील दुग्धग्रंथींभोवतीचे सूक्ष्म स्नायू आकुंचन पावतात व दूध बाहेर येते. आपल्या भाषेतील ‘पान्हा फुटणे’ ते हेच. हे संप्रेरक रक्तावाटे दोन्ही स्तनांपर्यंत पोहोचत असल्याने बाळ एका बाजूस पीत असता दुसऱ्या बाजूनेही दूध गळते.

पहिल्या काही आठवड्यांत दुधाचे प्रमाण बाळाच्या गरजेशी जुळलेले नसते, म्हणून गळणे अधिक असते. दीड-दोन महिन्यांत बहुतेक मातांना उतार पडतो. दूध गळते म्हणजे ते ‘पातळ’ आहे अथवा बाळास पुरणार नाही, असे नव्हे. त्याचप्रमाणे गळत नाही म्हणजे दूध कमी आहे, हीही समजूत चुकीची होय. पहिल्या आठवड्यानंतर बाळ दिवसातून सहा किंवा अधिक वेळा लघवी करीत असेल व त्याचे वजन वाढत असेल, तर दूध पुरेसे आहे असे समजावे.

पॅडचे प्रकार

बाजारात मुख्यतः तीन प्रकार आढळतात. एकदा वापरून टाकावयाचे पॅड पुष्कळ दूध शोषतात व प्रवासात किंवा नोकरीच्या ठिकाणी सोयीचे पडतात. तथापि त्यांपैकी अनेकांच्या पाठीशी प्लॅस्टिकचा थर असतो. त्यामुळे आत ओल व उष्णता कोंडते. नागपूरच्या उन्हाळ्यात पारा पंचेचाळीस अंशांकडे झेपावत असता असा पॅड दिवसभर ठेवणे त्वचेस अपायकारक ठरू शकते. सुगंधी पॅड तर टाळावेतच.

दुसरा प्रकार धुऊन पुन्हा वापरण्याच्या सुती पॅडचा. ते हवेशीर व त्वचेस मऊ असतात, खर्चही एकदाच होतो. मात्र ते लवकर भिजत असल्याने वारंवार बदलावे लागतात.

तिसरा प्रकार दूध साठविणाऱ्या सिलिकॉनच्या वाट्यांचा. त्यांचा दाब सतत पडल्यास गळणे वाढू शकते. तासन् तास अंगाच्या उष्णतेत राहिलेले त्यातील दूध बाळास देऊ नये.

घरी तयार केलेले पॅड

विकत घेणे शक्य नसेल तरी खंत करण्याचे कारण नाही. जुन्या, मऊ धोतराचे अथवा मलमलीचे चार ते सहा थर घेऊन सुमारे चार-पाच इंच व्यासाचे गोल कापावेत व कडा शिवून घ्याव्यात. अशा सहा-आठ जोड्या घरात असल्यास अडचण पडत नाही. कापड कोरे असेल तर त्यातील खळ दोन-तीन वेळा धुऊन काढावी. खळीचे कापड दूध नीट शोषत नाही. टेरिकॉट वा जॉर्जेट वापरू नये. सुटा कापूसही ठेवू नये, कारण त्याचे तंतू स्तनाग्रास चिकटतात.

वापर व स्वच्छता

पॅड कोणताही असो, मुख्य नियम एकच: ओला झाला की बदलावा. ओलाव्याने त्वचा नरम पडते, चिरा जातात व बुरशीचा संसर्ग होण्याचा संभव वाढतो. पॅड त्वचेस चिकटल्यास ओढून न काढता कोमट पाण्याने भिजवून सोडवावा. तो घट्ट कपड्यात दाबून बसवू नये. दाबाने दुधाच्या गाठी होतात.

सुती पॅड प्रथम थंड पाण्यात भिजवून, मग साबणाने धुऊन, भरपूर पाण्यात खळबळून काढावेत. ते इतर कपड्यांखाली लपवून वाळत घालण्याची रीत अनेक घरांत दिसते. ती सोडावयास हवी. स्वच्छ ऊन हेच त्यांचे खरे स्थान होय. बाळाच्या तोंडात बुरशीचे पांढरे चट्टे असल्यास पॅड रोज उकळून घ्यावेत व दोघांनीही उपचार घ्यावेत.

चारचौघांत अकस्मात पान्हा फुटल्यास दोन्ही हात छातीवर आडवे घेऊन तळहातांनी काही क्षण हलकेच दाबून धरावे. पहिल्या आठवड्यांत मात्र हा उपाय वारंवार करू नये.

डॉक्टरांकडे केव्हा यावे?

स्तन लाल, गरम व दुखरा होऊन ताप आल्यास, दुधातून पू वा वारंवार रक्त येत असल्यास, गाठ कमी होत नसल्यास, अथवा स्तनपान थांबवून कित्येक महिने लोटल्यावरही दूध गळत राहिल्यास तपासणी करून घ्यावी. सुजेच्या दुखण्यात बहुतांश वेळा अंगावर पाजणे चालू ठेवता येते. आपल्या मनाने ते बंद करू नये.

एक नम्र सूचना

आपले रुग्णालय गांधीबागेत, म्हणजे कापडाच्या गाठी जेथे रोज चढतात-उतरतात त्या पेठेच्या सान्निध्यात आहे. याच भागातील डागा स्त्री रुग्णालयातही दूरदूरच्या गावांहून स्त्रिया बाळंतपणासाठी येतात. त्यांपैकी कोणत्याही मातेस हातभर मऊ सुती कापडावाचून ओल्या वस्त्रात बसावे लागणे आपणा कोणासही भूषणावह नाही. वाढदिवशी किंवा पुण्यतिथीस रुग्णांना फळे वाटण्याची प्रथा स्तुत्यच आहे. तिच्या जोडीस मलमलीचा एखादा ताका आला, तर त्यातून कितीतरी मातांची सोय होईल.

घरातील वडीलधाऱ्यांनी व पतींनीही हा विषय लाजेचा न मानता, धुतलेल्या पॅडला दोरीवर उन्हाची जागा द्यावी. मातेचा संकोच सरला, तर बाळाच्या वाट्याचे दूध त्याला निर्वेधपणे मिळत राहील.