माळ्यावरचं कातडं अजून कामाचं आहे

बेंदूर किंवा पोळा तोंडावर आला की घरोघरी माळ्यावरचं एक गाठोडं खाली येतं. त्यात घुंगरमाळा असतात, म्होरक्या असतात, जुन्या जुंपण्या असतात. कुणाकडे आजोबांच्या वेळचं खोगीर, कुणाकडे आसुडाची वादी. गाठोडं सोडलं की पहिल्यांदा उडते ती धूळ, आणि मग लक्षात येतं की पट्टा लाकडासारखा ताठ झालाय. मग काय करतात? कुणी ट्रॅक्टरचं जळकं ऑईल चोपडतं, कुणी पाण्याच्या हौदात बुडवून ठेवतं, कुणी चुलीजवळ ठेवून 'मऊ' करायला बघतं. तिन्ही प्रकारांनी उरलंसुरलं कातडंही हातचं जातं.

हा विषय नुसता हौसेचा नाही. ऊस वाहतुकीच्या गाड्या अजून कितीतरी ठिकाणी बैलांच्या खांद्यावर चालतात. भरलेली गाडी उतारावर असताना जुंपणी तुटली तर काय होतं, हे गाडीवानाला सांगायला नको. आणि तुटली नाही तरी ताठ, चिरा पडलेला पट्टा बैलाची मान रोज थोडी थोडी सोलतो. खांदा आला की मग डॉक्टर, औषध, आणि ऐन हंगामात आठ-पंधरा दिवस बैल दावणीला. त्यापेक्षा एक वाटी एरंडेल स्वस्त पडतं.

आधी कातडं म्हणजे काय ते समजून घेऊ. कातडं हे बारीक बारीक तंतूंचं विणलेलं जाळं असतं. जनावराच्या अंगावर असताना ते ओलाव्यानं आणि चरबीनं मऊ राहतं. कमावताना ते आधी चुन्यात टाकून केस काढतात, मग बाभळीची साल, हिरडा, तरवड यांच्या पाण्यात मुरवतात. कोल्हापूरकडची जुनी पद्धत तर बघण्यासारखी: कातडं पिशवीसारखं शिवायचं, आत सालीचा चुरा आणि पाणी भरायचं आणि टांगून ठेवायचं. पाणी झिरपत झिरपत आरपार जातं, मग पिशवी उलटी करून पुन्हा तेच. या झाडपाल्याच्या कमावणीनं कातडं कुजत नाही. पण तंतू एकमेकांवर सरकत राहायला त्यांच्यामध्ये तेल लागतंच. ते तेल वर्षानुवर्षं ऊन, घाम आणि धूर खाऊन संपतं. मग तंतू एकमेकांना चिकटतात, आणि वाकवलं की सरकायच्या ऐवजी तुटतात. कातडं 'वाळलं' असं आपण म्हणतो त्यात पाण्यापेक्षा तेल गेल्याचा भाग मोठा असतो.

इथं एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढं जाववत नाही. मोट, नाडा, जुंपणी, वहाण, आसूड यांच्यावाचून एके काळी शेतीचं पान हलत नव्हतं. कातडं कमावणारा आणि शिवणारा बलुतेदार वर्षभर राबायचा आणि खळ्यावर त्याच्या पदरात धान्याच्या पेंढ्या पडायच्या. कातडं सगळ्यांना हवं होतं, ते कमावणाऱ्याला जागा मात्र गावाबाहेर. आज त्या घरांतली पोरं हा धंदा करत नाहीत याचं आपल्याला आश्चर्य वाटायचं कारण नाही.

त्यात २०१५ साली राज्यात बैल आणि वळूंच्या कत्तलीवरही बंदी आली. तेव्हापासून कारागिरांची मदार मुख्यतः म्हशीच्या कातड्यावर आहे. सांगायचा मुद्दा एवढाच, की माळ्यावर पडलेला जुना बाभळी-हिरड्याचा जाड पट्टा आज बाजारात सहजासहजी मिळणारी वस्तू नाही. तो फेकण्याआधी नीट बघा.

बघायचं कसं? अंगठ्याएवढ्या जाडीची काठी घ्या आणि पट्टा तिच्याभोवती हळूहळू वाकवा, गुळगुळीत बाजू बाहेर ठेवून. नुसत्या बारीक सुरकुत्या दिसल्या तर कातडं जिवंत आहे, तेल पिईल. चिरा उघडल्या आणि आतले तंतू दिसले तर तो पट्टा ओढीच्या कामातून कायमचा बाद समजा. घुंगरमाळ म्हणून मिरवा, पण गाडीला जुंपू नका. आणि वाकवताना तांबडी भुकटी हाताला लागली तर कातडं मेलं. त्याला तेलाच्या हंड्यात बुडवलंत तरी ते उठणार नाही. तेल तंतूंना वंगण देतं, तुटलेले तंतू सांधत नाही. बाजारात 'नव्यासारखं करून देतो' म्हणणारे भेटतात, त्यांना हा एवढाच प्रश्न विचारा.

आता जिवंत कातड्याचं काय करायचं ते सांगतो. पहिल्या दिवशी फक्त सफाई. कोरड्या ब्रशानं धूळ झाडा, टाक्यांच्या आणि बक्कलाच्या कडेनं जास्त. बैलाच्या घामाचं मीठ पट्ट्यावर पांढरं धरलेलं असतं, ते ओल्या पण घट्ट पिळलेल्या फडक्यानं पुसून काढा. फार मळ असेल तर रिठ्याचं पाणी वापरा आणि मागोमाग साध्या पाण्याचं फडकं फिरवा. धुण्याचा सोडा, कपड्याची पावडर हे लावू नका. त्यानं कमावणीचा रस आणि तेल दोन्ही निघून जातं. रॉकेल, डिझेल तर मुळीच नको. मळ जातो खरा, पण कातड्यातली चरबीही त्याच्याबरोबर जाते.

पितळी घुंगरू आणि रिव्हेटच्या कडेला हिरवट मेणासारखा थर दिसेल. जुनं तेल आणि तांबं यांच्या संगतीनं तो तयार होतो. लाकडाच्या काडीनं खरवडून काढा, लोखंडी पात्यानं नको. घुंगरू चकचकीत करायची पावडर किंवा पातळ पॉलिश कातड्यावर सांडू देऊ नका. जमलं तर घुंगरू सोडवूनच घासा. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी घाईत हे होत नाही, म्हणून आठ दिवस आधी गाठोडं काढा.

रात्री पट्टा ओलसर फडक्यात गुंडाळून ठेवा. पाण्यात बुडवायचं नाही. सकाळपर्यंत तो गार आणि किंचित नरम लागला पाहिजे. थोडा ओलसर असतानाच तेल लावायचं, यात खरी मेख आहे. आतलं पाणी सावलीत हळूहळू उडत जातं आणि त्याच्या जागी तेल मुरत जातं. कोरड्याठाक कातड्यावर तेल ओतलं तर एका जागी डाग धरतं आणि बाकीचं तसंच राहतं.

तेल कोणतं? माझं मत एरंडेलाला. ते हवेत वाळून पापडी धरत नाही, आतच राहतं. जाड असतं म्हणून वाटी गरम पाण्यात ठेवून कोमट करा, बोट सहज बुडवता येईल इतपत. करंजाचं तेलही जुन्या काळापासून कातड्याला वापरतात. वास उग्र, पण किडा-वाळवी त्याच्या वाटेला जात नाही. खोबरेल चालतं, फक्त थंडीत ते गोठून वर पांढरं दिसतं, त्यानं घाबरून जाऊ नका. जवसाचं तेल मात्र लावू नका. ते रंगात घालतात ते उगीच नाही; हवेनं ते वाळतं आणि कडक होतं. पहिले काही दिवस पट्टा छान मऊ वाटतो आणि नंतर आधीपेक्षा ताठ होतो. परदेशात घोड्याच्या सामानाला जनावरांच्या पायाच्या हाडांतून काढलेलं तेल लावतात. चांगलं असतं, पण आपल्याकडे घराघरात ते कुणी आणणार नाही, आणि एरंडेल असताना अडतही नाही.

तेल आधी आतल्या खरखरीत बाजूनं लावा, ती जास्त पिते. पातळ हात द्या, एक दिवस सावलीत जाऊ द्या, हातानं वाकवून बघा, मग दुसरा हात. दोन-तीन हातांत काम होतं. पट्टा हाताला तेलकट लागायला लागला की थांबा. जास्त तेलानं कातडं लांबतं, टाके ढिले होतात, आणि धूळ अशी बसते की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. शेवटी पावसापासून बचाव म्हणून एक भाग मधाच्या पोळ्याचं मेण आणि तीन भाग एरंडेल गरम पाण्यात ठेवलेल्या भांड्यात वितळवून, गार झाल्यावर बाहेरच्या बाजूनं चोळा आणि कोरड्या फडक्यानं घासा.

जळक्या ऑईलबद्दल एवढंच, की त्यात इंजिनातला लोखंडाचा कीट असतो. बाभळीच्या कमावणीला लोखंड लागलं की कातडं काळं पडतं आणि तिथून ठिसूळ होत जातं. जुन्या पट्ट्यात खिळ्याभोवतीच काळं वर्तुळ आणि तिथंच चीर का दिसते, याचं उत्तर हेच. शिवाय ते ऑईल घामाबरोबर बैलाच्या सोललेल्या खांद्यावर उतरतं. दुरुस्ती करताना लोखंडी खिळा ठोकण्यापेक्षा मेण लावलेल्या दोऱ्याचा टाका किंवा तांब्याचं रिव्हेट बरं.

वहाणांचंही तसंच. कापशी असो, पुकरी असो की बक्कलनाळी, अस्सल कोल्हापुरीत खिळा नसतो, कातड्याच्याच वादीनं ती शिवलेली असते. म्हणून ती चिखलात भिजली की तळ सुटतो. भिजलीच तर चिखल पुसून सावलीत सपाट ठेवा. उन्हात टाकली की कडा होडीसारख्या वर येतात. पट्ट्याला आणि अंगठ्याला कोमट तेलाचं बोट फिरवा, तळाला जास्त नको. २०१९ साली कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं. आपल्याकडचे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर असे आठ जिल्हे त्यात आहेत. २०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा कंपनीनं तशीच पायताणं दाखवली तेव्हा आपण सगळेच चिडलो. ते बरोबरच होतं. पण त्याच वेळी आपल्या दाराच्या कोपऱ्यात वडलांचा जोड बुरशी धरून पडला होता की नाही, तेही बघावं.

बुरशी आलीच तर घराबाहेर नेऊन कोरड्या फडक्यानं पुसा, फडकं टाकून द्या, आणि वस्तू वाऱ्यावर सावलीत ठेवा. बुरशीवरच तेल चोळू नका. दुकानातले बूट, पट्टे, बॅगा बहुधा क्रोमवर कमावलेल्या असतात आणि वर रंगाचा थर असतो; कापलेली कड निळसर-करडी दिसली तर तसं समजा. त्यांना साधं बुटाचं क्रीम पुरे. आणि हलगी, ढोल, डिमडी यांच्या कातड्याला तेल लावू नका. ते कमावलेलं नसतं, कच्चंच ताणलेलं असतं. तेल प्यायलं की आवाज बसला म्हणून समजा.

सायकलच्या हवा भरायच्या पंपाचा चामडी वायसर मात्र तेलावरच जगतो. पंप दाबला आणि हवा मागे येत असेल तर नवा पंप घेण्याआधी वायसर काढून रात्रभर एरंडेलात ठेवा, कड बोटानं पसरवा आणि पुन्हा बसवा.

आता चावडीवरच्या आणि ग्रामपंचायतीतल्या मंडळींसाठी दोन शब्द. जुन्या रजिस्टरांच्या पाठी आणि कोपरे चामड्याचे असतात. २०२३ साली न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा कित्येक वर्षं न उघडलेले रुमाल सोडले गेले. जन्म-मृत्यूच्या एका ओळीवर एखाद्या मुलाचा दाखला अडलेला असू शकतो, हे तेव्हा सगळ्यांनी पाहिलं. अशा रजिस्टराची पाठ तांबडी भुकटी सोडत असेल तर वर सांगितलेला तेलाचा उपाय तिथं अजिबात करू नका. तेल चामड्यातून कागदात उतरतं, पान पारदर्शक होतं, धूळ धरतं. पूर्वी ग्रंथालयांतसुद्धा बांधणीला तेल-मेण लावायची पद्धत होती, आता जाणकार ती टाळा म्हणतात. भुकटी मऊ ब्रशानं झाडा आणि रजिस्टर स्वच्छ सुती कापडात गुंडाळून, जमिनीपासून आणि भिंतीपासून दूर, आडवं ठेवा. पाठ सुटली असेल तर डिंक किंवा चिकटपट्टी न लावता सुती नाडीनं सैल बांधा. काढताना पाठीला धरून ओढू नका, दोन्ही हातांनी खालून उचला. मोलाचं दप्तर असेल तर पुराभिलेख विभागाकडे लेखी विचारा. त्यांचं कार्यालय कोल्हापुरातही आहे.

गाठोडं परत माळ्यावर चढवताना प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबू नका, आत ओल धरते. सुती कापड किंवा स्वच्छ गोणपाट बरं. तेलाच्या वासानं उंदीर येतात, म्हणून खुंटीला टांगता आलं तर उत्तम. पट्टे घडी घालून ठेवू नका. घडीवरच चीर पडते, सैल वेटोळं करा. पावसाळा संपला की एकदा उघडून वारा द्या.

आणि टाके उसवले असतील तर बाजाराच्या दिवशी रापी-आरी घेऊन बसणारा कारागीर अजून बऱ्याच गावांत भेटतो. त्याच्याकडे नेण्याआधी पट्टा मऊ करून न्या. वाळलेल्या कातड्यात आरी घातली की टाक्यांच्या रेषेत ते फाटतं आणि दोष बिचाऱ्याच्या माथी येतो. जुन्या भोकांतूनच टाका घ्यायला सांगा, नवी भोकं पाडली की पट्टा तेवढा कमजोर होतो. त्याला वेळ जास्त लागतो, तेव्हा मजुरीत घासाघीस करू नका.