सीलबंदीचे द्रव्य भरलेला टायर उतरविताना

पंक्चर झालेल्या टायरमध्ये व्हॉल्व्हमधून सोडावयाचे सीलबंदीचे द्रव्य आता अनेक मोटारींबरोबर जादा चाकाऐवजी दिले जाते. त्याने भोक तात्पुरते बुजते व गाडी टायरच्या दुकानापर्यंत पोहोचते. मात्र तेथे टायर उतरविणाऱ्यास आत कोणता द्रव आहे आणि कोणता वायू आहे, हे दोन्ही ठाऊक असावे लागते. पहिल्याच्या अज्ञानाने हात व हत्यारे चिकट होतात. दुसऱ्याच्या अज्ञानाने प्राणावर बेतू शकते.

द्रव बहुधा रबराचा चीक असतो. पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म रबरकणांचे ते कलिल होय. भोकातून वेगाने निसटताना हे कण परस्परांस चिकटून साकळतात व बूच तयार होते. चीक आतच साकळू नये म्हणून पुष्कळदा अमोनिया, आणि थंडीत गोठू नये म्हणून ग्लायकॉल मिसळलेले असते.

खरा धोका दाबाच्या डब्यातून फवारल्या जाणाऱ्या प्रकारात आहे. त्यांपैकी काहींत द्रवास बाहेर ढकलणारा वायू प्रोपेन किंवा ब्यूटेन असतो. टायरचे अंतर्गत आकारमान ३० लिटर व मापकावरील दाब २.२ बार (सुमारे ३२ पौंड) धरला, तर निरपेक्ष दाब ३.२ बार होतो. म्हणजे आत वातावरणीय दाबाची सुमारे ९६ लिटर हवा मावते. साध्या दाबाखाली प्रोपेन हवेत २.१ ते ९.५ टक्के असता पेट घेतो. तेव्हा स्फोटक मिश्रणास सुमारे २ लिटर, म्हणजे ४ ग्रॅमहूनही कमी, प्रोपेन पुरतो.

हवा सोडली की धोका टळला, हा समज येथे घातक ठरतो. हवा सोडल्याने दाब उतरतो, मिश्रणाचे प्रमाण बदलत नाही. ताजी हवा पुन्हा पूर्ण दाबापर्यंत भरली, तरच प्रमाण सुमारे ३.२ पटींनी घटते. आरंभी प्रोपेन १२ टक्के असल्यास ते ज्वलनाच्या वरच्या मर्यादेपलीकडे असते. पहिल्या भरणीनंतर ते ३.७५ टक्के, म्हणजे नेमके ज्वालाग्राही होते, दुसरीनंतर १.२ टक्के उरते. सबब हवा भरणे व सोडणे निदान तीन वेळा करावे. ते उघड्यावर करावे, दुरुस्तीच्या खड्ड्याजवळ नव्हे. कारण हे दोन्ही वायू हवेहून जड असून खाली साचतात. तोवर विडी, ठिणगी वा ग्राइंडर जवळ नसावा आणि खिळाही उपसू नये. पोलादी पट्ट्यांच्या टायरात धातूचे हत्यार घासल्यास ठिणगी उडू शकते. रिमला वेल्डिंगची ज्योत लावणे तर सर्वथा वर्ज्य.

हवा सोडताना व्हॉल्व्ह वरच्या बाजूस ठेवावा. द्रव तळाशी राहतो व तोंडावर उडत नाही. चष्मा व हातमोजे तरीही हवेत. दाब पूर्ण उतरल्यावर चाक आडवे करून प्रथम वरचीच कड रिमपासून सुटी करावी व द्रव नळीने ओढून घ्यावा. दाबमापक संवेदक बहुधा व्हॉल्व्हच्या बुडाशीच असतो. म्हणून कड दाबणारे यंत्र त्यापासून दूर लावावे. संवेदकाच्या छिद्रात सुई घालू नये, ओल्या फडक्याने पुसावे. रिमही ओली असतानाच पाण्याने धुवावी; वाळलेला चीक खरवडणे हे फार कष्टाचे काम आहे. काढलेला द्रव गटारात अथवा मातीत ओतू नये. इथिलीन ग्लायकॉल गोड चवीचे, तरीही विषारी असते, आणि कुत्री ते चाटतात.