गाडीची सीट : चामडे की रेग्झिन?

आमचे धाकटे दीर बारा वर्षे दुबईत राबून गेल्या वर्षी कायमचे परत आले. स्वतःच्या हलाल कमाईतून एक चांगली, मोठी गाडी घ्यायची आणि अब्बा-अम्मींना तिच्यात बसवून रत्नागिरीकडच्या गावी न्यायचे, एवढी एकच हौस त्यांना होती. म्हणून एका रविवारी आम्ही सारे नवी मुंबईतल्या एका मोठ्या शोरूममध्ये गेलो.

गाडी खरोखर देखणी होती. आतल्या बदामी रंगाच्या सीटकडे बोट दाखवून तिथला मुलगा म्हणाला, "सर, पूर्ण प्रीमियम लेदर आहे."

आमचे सासरे म्हणजे अब्बा, यांनी तीस वर्षे धारावीत चामड्याच्या पिशव्या आणि पाकिटे शिवली. रापी आणि आरी हीच त्यांची दौत-लेखणी. आता एका डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले आहे, दुसऱ्याचे बाकी आहे. त्यांनी सीटवर हात फिरवला, अंगठा दाबून पाहिला, शिवणीपाशी बोट नेले आणि सहज म्हणाले, "रेग्झिन आहे, बेटा. चांगलं आहे, पण रेग्झिन आहे."

तो मुलगा हसला. दीर मात्र ओशाळले. "अब्बा, जमाना बदललाय. तुमच्या वेळचं आता काही राहिलं नाही," असे ते जरा तुटकच बोलले. अब्बा गप्प झाले आणि बाजूच्या खुर्चीवर जाऊन बसले.

आम्हां शिक्षकांना बारीक अक्षर वाचायची खोड असते. आम्ही माहितीपुस्तिका उघडली. शेवटच्या पानावर तळाशी 'मानवनिर्मित चामडे' असे शब्द होते. आम्ही ते पान दिरांपुढे धरले. त्यांनी वाचले आणि काही न बोलता अब्बांच्या शेजारी जाऊन बसले.

त्या दिवशी गाडी ठरली नाही. पुढचे दोन आठवडे आम्ही याच विषयात होतो. जे कळले ते वाचकांच्याही उपयोगी पडेल, म्हणून इथे देत आहोत.

नावे अनेक, वस्तू एक

महाग गाडीत खरेच चामडे असते, हा आपला समज जुना झाला. मर्सिडीजमध्ये 'आर्टिको', बीएमडब्ल्यूमध्ये 'सेन्साटेक', लेक्ससमध्ये 'न्यूलक्स' ही नावे दिसली तर ते कृत्रिम आहे असे समजावे. कापडावर पीव्हीसी किंवा पॉलियुरेथेनचा थर चढवून ते तयार होते. आपण सरसकट रेग्झिन म्हणतो, ते याच जातीचे. व्होल्वोने तर 2021 साली जाहीर केले की, आपल्या विजेवर चालणाऱ्या गाड्यांत चामडे वापरणार नाही. म्हणजे कृत्रिम सीट हे आता स्वस्त गाडीचे लक्षण उरलेले नाही.

'लेदर सीट' असे लिहिलेले असले तरी पुष्कळदा फक्त अंग टेकते तेवढ्या भागावर चामडे असते. बाजू आणि पाठीमागचा भाग रेग्झिनचाच असतो. म्हणून 'कुठे कुठे चामडे आहे?' हा प्रश्न जरूर विचारावा.

आपल्या हवेत काय टिकते?

खऱ्या चामड्याचा स्पर्श मऊ असतो आणि नीट राखले तर ते वर्षानुवर्षे चालते. पण कोकणासारख्या दमट हवेत बंद गाडीतल्या चामड्यावर बुरशी धरते. उन्हात उभ्या गाडीत ते कोरडे पडून तडकते.

कृत्रिम सीट पुसायला सोपी. लेकरांनी सरबत सांडले, रमजानमध्ये इफ्तारीचा डबा कलंडला, तरी ओल्या फडक्याने काम भागते. पण तिच्यातून हवा जात नाही, त्यामुळे उन्हाळ्यात पाठ घामेजते. पॉलियुरेथेनचा थर दमट हवेत काही वर्षांनी सोलून निघू शकतो. पीव्हीसी जुने होता होता कडक होते. दोन्ही प्रकारांत बारीक छिद्रांची आणि आतून हवा सोडणारी सीट मिळत असेल तर आपल्याकडे ती बरी.

निगेबद्दल एक सूचना. खोबरेल तेल चोळू नये. गाडीतल्या बहुतेक चामड्यावर रंगाचा आणि प्लास्टिकचा पातळ लेप असतो. तेल आत मुरत नाही, वर चिकट राहते आणि धूळ धरते. सौम्य साबणाचे पाणी आणि मऊ फडके पुरेसे आहे. फिकट सीटवर नव्या जीन्सचा रंग उतरतो. ओल्या मेहंदीचा डाग तर लग्नघरातल्या गाडीला हमखास लागतो. तेवढ्यापुरती चादर अंथरावी.

दीनाच्या बाजूने

अम्मींनी विचारले, "हे कातडं कुणाचं, कसं, काय माहीत? त्यावर बसून कपडे पाक राहतील ना?" मेलेल्या बकरीचे कातडे फेकून न देता कमावून वापरावे, ही प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण हदीसमध्ये आली आहे. कमावण्याला आपल्याकडे दबागत म्हणतात. दबागतीने कातडे पाक होते, डुकराचे मात्र नाही, असे बहुसंख्य उलमा सांगतात. गाडीच्या सीटला साधारणपणे गाई-बैलाचेच कातडे वापरतात. तरी शंका असेल तर विचारून घ्यावे, आणि मसअला आपल्या इमामसाहेबांकडून समजून घ्यावा.

कातडे हा मांसाच्या धंद्यातला मागे उरणारा माल आहे. तो वाया न जाता वापरला जातो, ही चांगली गोष्ट. पण कमावण्याची किंमतही असते. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कातडे कमवायला कित्येक आठवडे लागत. क्रोमियमच्या क्षारांनी ते काम फार लवकर होते, पण सांडपाणी नीट शुद्ध केले नाही तर नदी आणि विहिरी नासतात. तामिळनाडूतील वेल्लोर भागातल्या टॅनरींच्या अशाच प्रदूषणावर सर्वोच्च न्यायालयाने 1996 साली महत्त्वाचा निकाल दिला. दुसरीकडे रेग्झिन म्हणजे खनिज तेलापासूनचे प्लास्टिक, ते मातीत कुजत नाही. तेव्हा एक पुण्याचे आणि दुसरे पापाचे असे म्हणता येत नाही. नुसत्या दिखाव्यासाठी पैसा उधळणे हा इसराफ मात्र दोन्हीकडे होऊ शकतो.

आम्ही काय केले?

खऱ्या चामड्याच्या सीटसाठी दीड लाखाहून जास्त मोजावे लागणार होते. निर्णय दिरांनी अब्बांवर सोडला. आम्हांला वाटले, जन्मभर चामड्यात काम केलेला माणूस चामडेच सांगेल. अब्बा म्हणाले, "रेग्झिनच घे. घरात चार लेकरं आहेत आणि गाडी कोकणात जायची आहे. पण रेग्झिन म्हणून घे, चामडं म्हणून नको. रेग्झिन वाईट नाही, खोटं बोलणं वाईट."

आम्हांला ती हदीस आठवली. प्रेषितांनी (स.) बाजारात धान्याच्या राशीत हात घातला, आत ओल लागली, आणि ओला माल खाली दडवणाऱ्या विक्रेत्याला त्यांनी सुनावले. माल ओला होता म्हणून नव्हे, तो लपवला होता म्हणून.

पुन्हा शोरूममध्ये गेलो तेव्हा दिरांनी बुकिंगच्या कागदावर 'सीट कृत्रिम' असे लिहून घेतले. त्या मुलाने माफी मागितली. 'आम्हांला असंच बोलायला शिकवतात,' असेही तो हळूच म्हणाला. अब्बांनी त्याला जवळ बसवून खरे चामडे कसे ओळखायचे ते दाखवले. अंगठा दाबला की भोवती बारीक सुरकुत्या पसरतात. उलट बाजू दिसली तर तिथे विणलेले कापड नसून तंतू असतात.

घरी परतताना दीर म्हणाले, "अब्बा, त्या दिवशी मी चुकलो." अब्बांनी नुसता त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

गाडी आली, अल्हम्दुलिल्लाह, आणि गावाची फेरीही झाली. वाचकांना आमचे एवढेच सांगणे : चामडे घ्या की रेग्झिन, ज्याचे पैसे मोजता ते काय आहे हे कागदावर लिहून घ्या. आणि घरात जुन्या हुनराचे कुणी वडीलधारे असतील, तर खरेदीला त्यांना बरोबर न्या.