दिवा बंद आहे, पण सांगायचं कुणाला?

हेडफोन घरी विसरलात, नाहीतर काशीदच्या वळणांवर नेटवर्क गेलं आणि भाग अर्धवट राहिला, तर हे लिखित रूप तुमच्यासाठी. बोलताना मी जिथे अडखळलो ते काढून टाकलंय, बाकी सगळं तेच आहे.

सुरुवात एका बंद दिव्यापासून करतो. गेल्या पावसाळ्यात आमच्या घराजवळच्या वळणावरचा दिवा गेला. खाली खड्डा, त्यात पाणी. एका संध्याकाळी आई तिथे पडता पडता वाचली. मी पडलो सॉफ्टवेअरवाला, लगेच मोबाईल काढला, फोटो काढला आणि ऑनलाईन तक्रार टाकली. आठवड्याभरात मेसेज आला: तक्रार निकाली. बाहेर जाऊन बघतो तर अंधार तसाच! तक्रार उघडली, तर आत लिहिलेलं, "सदर विषय या कार्यालयाच्या अखत्यारीत येत नाही." पुन्हा टाकली, पुन्हा निकाली. कार्यालयाचं नाव घेत नाही, कारण अर्धी चूक माझीच होती.

शेजारचे काका सरकारी नोकरीतून रिटायर झालेत. त्यांना सांगितलं तर हसले. म्हणाले, "अरे, पत्र टाकलंस खरं, पण पत्त्याच्या जागी नुसतं 'सरकार' लिहिलंस. पोस्टमन तरी काय करणार?"

आजचा भाग त्या पत्त्याबद्दल आहे.

एका किनाऱ्यावर किती सरकारं?

मुरुडच्या किनाऱ्यावरून राजपुरीपर्यंत एक चक्कर मारू. डोळे उघडे ठेवा आणि प्रत्येक गोष्टीला एकच प्रश्न विचारा: ही कुणाची?

चौपाटीवरचा कचरा, बाजारपेठेतली गटारं, दरबार रोडवरचे दिवे, नळाचं पाणी ही मुरुड-जंजिरा नगर परिषदेची कामं. गारंबीच्या धरणातून नवाबाच्या काळापासून गावाला पाणी येतंय, पण आज तुमच्या नळाला ते आलं नाही तर नवाबाला नाही, नगर परिषदेला विचारायचं.

आता पूल ओलांडून एकदऱ्याला या. घरं तशीच, होड्या तशाच, पण नगर परिषद मागे राहिली. इथे ग्रामपंचायत. पुढे राजपुरी, तिथेही ग्रामपंचायत. गावातली जिल्हा परिषदेची शाळा आणि प्राथमिक आरोग्य केंद्र यांचा कारभार अलिबागहून चालतो.

राजपुरीच्या धक्क्यावरून जंजिऱ्याला जाणाऱ्या होड्यांचे परवाने आणि सुरक्षेचे नियम बघतं महाराष्ट्र मेरीटाईम बोर्ड, म्हणजे राज्य सरकार. होडी किल्ल्याच्या दरवाजाला लागली की तुम्ही केंद्राच्या दारात! जंजिरा हे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ताब्यातलं संरक्षित स्मारक आहे. म्हणून किल्ल्यापाशी जेट्टी बांधायची तर बांधणारं खातं एक आणि परवानगी देणारं दुसरं. डोंगराकडे वळलात तर फणसाड अभयारण्य वनविभागाचं. गावातून जाणारा मोठा रस्ता सार्वजनिक बांधकाम विभागाचा, त्याला मिळणारी गल्ली नगर परिषदेची. जमिनीचा सातबारा तलाठ्याकडे, आणि तलाठी तहसीलदाराच्या हाताखाली.

एवढ्याशा चकरेत आपण सात-आठ कार्यालयांच्या हद्दी ओलांडल्या. आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आपण लिहितो काय? "शासन झोपलंय का?" अहो, पण नेमकं कुठलं?

हा प्रश्न नुसता कागदी नाही. १ फेब्रुवारी २०१६ ला पुण्याच्या एका कॉलेजची सहल आपल्या किनाऱ्यावर आली होती, त्यातले १४ विद्यार्थी बुडून गेले. गावात तो दिवस अजून कुणी विसरलेलं नाही. त्यानंतर सगळीकडे हाच प्रश्न होता: जीवरक्षक नेमायचे कुणी, धोक्याचे फलक लावायचे कुणी, भरती-ओहोटीची सूचना द्यायची कुणी? काम कुणाचं हे आधीच ठरलेलं नसेल आणि लोकांनाही माहीत नसेल, तर ते दुर्घटना झाल्यावर आठवतं.

निवडून आलेले आणि नेमलेले

नगर परिषदेचं बघू. महाराष्ट्रातल्या नगर परिषदा १९६५ च्या कायद्यावर चालतात. तिथे दोन प्रकारची माणसं असतात. नगरसेवक आणि नगराध्यक्ष हे आपण मत देऊन बसवलेले. मुख्याधिकारी हा राज्य सरकारने पाठवलेला अधिकारी. सभागृह ठराव करतं, बजेट मंजूर करतं. अंमलबजावणी मुख्याधिकारी करतो.

म्हणून काम अडलं की तीन प्रश्न विचारायचे. ठराव झालाय का? पैसे आहेत का? टेंडर निघालंय का? ठरावच नसेल तर नगरसेवकाकडे जा. ठराव आहे, पैसे आहेत, तरी काम होत नाही, तर मुख्याधिकाऱ्याकडे. पैसेच नसतील तर गोष्ट वर जाते, राज्याच्या अनुदानाकडे किंवा जिल्हा नियोजन समितीकडे. त्या समितीचा अध्यक्ष पालकमंत्री असतो. जानेवारी २०२५ मध्ये रायगडच्या पालकमंत्र्यांची नेमणूक जाहीर झाली आणि लगेच स्थगित झाली, ते आठवतंय? तेव्हा बऱ्याच जणांना ते नुसतं राजकारण वाटलं. पण जिल्ह्याच्या निधीची वाट त्याच खुर्चीवरून जाते.

आता गंमत बघा. २०१६ च्या शेवटी आपल्याकडे नगर परिषदेची निवडणूक झाली. पाच वर्षांची मुदत संपली, पण पुढची निवडणूक लागलीच नाही. ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचनेचा वाद सुप्रीम कोर्टात होता. राज्यभर प्रशासक बसले, बऱ्याच ठिकाणी मुख्याधिकारीच प्रशासक झाले. म्हणजे ठराव करणारा तोच आणि राबवणाराही तोच! आमच्या भाषेत सांगायचं तर ज्याने कोड लिहिला त्यानेच तो तपासून पास केला. माणूस कितीही चांगला असो, ही पद्धत चांगली नाही. मधल्या चार वर्षांत "आमच्या वॉर्डाचं काय?" असं सभागृहात उभं राहून विचारणारा एकही माणूस नव्हता.

६ मे २०२५ ला सुप्रीम कोर्टाने निवडणुका घ्यायला सांगितलं. मग २ डिसेंबरला नगर परिषदांसाठी मतदान झालं आणि २१ डिसेंबरला मोजणी. रायगडच्या दहाही नगर परिषदा त्या कार्यक्रमात होत्या, आपलीही. म्हणजे आता विचारायला माणूस आहे. पण तुमचा प्रभाग क्रमांक किती, पटकन सांगा बघू? (रेकॉर्डिंगच्या वेळी आमच्या तिघांपैकी एकालाच आला. तो मी नव्हतो.)

निसर्ग वादळ आणि गुंठ्याचं गणित

कुणी म्हणेल, पत्ता बरोबर असला तरी आपल्या बोलण्याने काय फरक पडतो? त्याचं उत्तर आपल्याच वाड्यांमध्ये आहे.

३ जून २०२०. निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-मुरुडच्या पट्ट्यात जमिनीवर आलं. नारळ-सुपारीच्या वाड्या आडव्या झाल्या. कितीतरी गावांत पुढे कित्येक दिवस वीज नव्हती. मग पंचनामे सुरू झाले. तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक वाडीत येऊन मोजतात, त्यांचा अहवाल तहसीलदाराकडे, तिथून जिल्हाधिकाऱ्याकडे आणि मग राज्याकडे जातो. हा कागद गावातून वर जातो आणि पैसे त्याच वाटेने खाली येतात.

आता दर बघा. केंद्राच्या तेव्हाच्या निकषात फळबागेला हेक्टरी १८ हजार रुपये होते. राज्याने ते वाढवून हेक्टरी ५० हजार केले, मर्यादा दोन हेक्टर. ऐकायला बरं वाटतं. पण आपल्याकडे हेक्टरवर वाडी किती जणांची? इथला हिशेब गुंठ्यांचा. एक हेक्टर म्हणजे साधारण शंभर गुंठे. म्हणजे गुंठ्याला पडले ५०० रुपये. पाच गुंठ्यांची वाडी पूर्ण झोपली तरी हातात अडीच हजार! आडवी झाडं तोडून बाहेर काढायलाच त्याहून जास्त मजुरी लागत होती. आणि सुपारीचं नवं झाड धरायला पाच-सहा वर्षं तरी जातात.

हा नियम कुणी वाईट हेतूने केला नव्हता. तो द्राक्षाच्या, डाळिंबाच्या मोठ्या बागांच्या मापाने केलेला होता. कोकणातली वाडी त्यात बसत नव्हती, आणि ते इथूनच कुणीतरी सांगायला हवं होतं. बागायतदारांनी ते सांगितलं, निवेदनं दिली, लोकप्रतिनिधींनी विषय वर नेला. मागणी एकच: क्षेत्र मोजू नका, झाडं मोजा. पुढे सरकारने ते मान्य केलं. नारळाच्या झाडाला २५० रुपये आणि सुपारीच्या झाडाला ५० रुपये असा दर आला.

समजा त्या पाच गुंठ्यांत ६० सुपारी आणि १० नारळ होते. झाडांच्या हिशेबाने होतात साडेपाच हजार. नुकसानीच्या मानाने हेही थोडंच आहे, मी त्याचं कौतुक करत नाही. पण अडीचचे साडेपाच झाले ते मोजायची पद्धत बदलली म्हणून. आणि ती बदलली, कारण लोकांनी नुसतं "मदत वाढवा" असं न म्हणता कुठला शब्द बदलायचा ते नेमकं सांगितलं.

तरीही अनेक जण अडकले. का? सातबारा सामायिक. वाडी कसणारा इथे आणि सातबाऱ्यावर नावं मुंबईच्या काका-आत्यांची. संमतीपत्रं गोळा करता करता लोकांचा जीव मेटाकुटीला आला. तेव्हा पुढचं वादळ यायच्या आधी आपला सातबारा एकदा बघून ठेवा. मोबाईलवर दिसतो, पाच मिनिटांचं काम आहे.

मग करायचं काय?

एक, आधी हद्द शोधा. शहर की ग्रामपंचायत? रस्ता कुणाचा? कळत नसेल तर फोन करून फक्त एवढंच विचारा.

दोन, अर्ज लेखी द्या. एका अर्जात एकच विषय, सोबत फोटो, जागेची खूण आणि तारीख. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. त्या शिक्क्याशिवाय तुम्ही तिथे गेलाच नव्हता असं समजा.

तीन, दाखले वगैरे सेवांसाठी २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा आहे. प्रत्येक सेवेला मुदत ठरलेली असते, ती टळली तर अपील करता येतं. विनाकारण उशीर करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो.

चार, अर्जाचं काय झालं ते कळत नसेल तर माहिती अधिकार. १० रुपये फी, ३० दिवसांत उत्तर. "काम का केलं नाही?" असं विचारू नका. "अमुक आवक क्रमांकाच्या अर्जावर झालेल्या कार्यवाहीच्या प्रती द्या" असं मागा.

पाच, तरीही नाहीच झालं तर अलिबागला महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हाधिकाऱ्यांसमोर लोकशाही दिन असतो. अर्ज मात्र आधी द्यावा लागतो.

ग्रामपंचायतीत राहत असाल तर तुमच्याकडे आणखी एक गोष्ट आहे, जी आम्हा शहरवाल्यांकडे नाही: ग्रामसभा. वर्षातून किमान चार व्हायलाच हव्यात. मतदार यादीत नाव असलेला कुणीही उभा राहून खर्चाचा हिशेब विचारू शकतो. आपल्या वयाची पोरं तिथे फार कमी दिसतात.

आणि आमचा दिवा? काकांनी बसवून समजावलं: रस्ता एका खात्याचा, खांब दुसऱ्याचा आणि दिवा तिसऱ्याचा. मी दोन वेळा रस्तेवाल्यांकडे दिव्याची तक्रार करत होतो. तिसऱ्यांदा योग्य टेबलावर एका पानाचा अर्ज दिला, शिक्का घेतला. बाराव्या दिवशी दिवा लागला. खड्डा अजून आहे. त्याचा अर्ज वेगळा, तो या सोमवारी देतोय.

तुमच्या वळणावर काय बंद आहे, ते आम्हाला कळवा. पण त्याआधी एक काम करा: ते कुणाचं आहे, तेवढं शोधून ठेवा. भेटू पुढच्या भागात!