वामनवृक्षाचा हिवाळा

दिवाळी उलटली, की वारणेच्या खोऱ्यात ऊसतोडीची लगबग सुरू होते आणि पहाटे नदीकाठच्या शेतांवर धुके दिसू लागते. अशा दिवसांत वारणानगरच्या एखाद्या विद्यार्थ्याने घरी वडाचे किंवा उंबराचे बोन्साय केलेले असेल, तर त्याला एक प्रश्न पडतो. थंडीसाठी या झाडाची काही वेगळी तयारी करावी लागते काय? बोन्सायच्या परदेशी पुस्तकांत हिवाळ्यावर बरेच लिहिलेले असते. कुंड्या जमिनीत पुरा, त्यांवर गवत पसरा, थंड खोलीत हलवा, असे सल्ले त्यांत असतात. ते आपण पाळावेत का? हे ठरवण्यापूर्वी त्यांच्यामागचे कारण समजून घेऊ.

‘बोन’ म्हणजे उथळ कुंडी आणि ‘साय’ म्हणजे लागवड. या जपानी शब्दासाठी मराठीत ‘वामनवृक्ष’ असा छान शब्द आहे. हे झाड जातीने बुटके नसते. फांद्या आणि मुळे वेळोवेळी छाटून व मुळांना थोडीच जागा देऊन ते लहान ठेवलेले असते. निगा चांगली असली तर ते माणसाच्या कित्येक पिढ्या जगते. अमेरिकेत वॉशिंग्टन येथील राष्ट्रीय वृक्षोद्यानात एक जपानी पाइन आहे. १६२५ सालापासून तो कुंडीत वाढवला जात आहे. १९४५ साली हिरोशिमावर अणुबॉम्ब पडला तेव्हा तो त्याच शहरात होता, तरीही तो वाचला. १९७६ साली तो अमेरिकेला भेट देण्यात आला. असे दीर्घायुषी झाडसुद्धा एका हिवाळ्यातील चुकीच्या निगेने दगावू शकते.

उथळ कुंडीची अडचण

थोडे गणित करू. ३० सेंटिमीटर लांब, २० सेंटिमीटर रुंद आणि ५ सेंटिमीटर खोल अशा कुंडीत ३ लिटर माती मावते. या मातीच्या सर्व बाजूंचे क्षेत्रफळ १,७०० चौरस सेंटिमीटर भरते. म्हणजे दर लिटर मातीला सुमारे ५६७ चौरस सेंटिमीटर पृष्ठभाग मिळतो. आता एक मीटर लांब, रुंद व खोल असा मातीचा ठोकळा घ्या. त्यात दर लिटरला केवळ ६० चौरस सेंटिमीटर पृष्ठभाग असतो. उष्णता पृष्ठभागातूनच बाहेर जाते. म्हणून कुंडीतील मूठभर माती भराभर थंड होते व भराभर तापते. जमिनीतील झाडाच्या मुळांना खोल मातीचे पांघरूण असते. कुंडीतल्या झाडाला ते नसते.

जपान, युरोप, अमेरिका येथे हिवाळ्यात तापमान शून्याखाली जाते. मुळे ही खोड-फांद्यांपेक्षा थंडीला नाजूक असतात. कुंडीतील पाण्याचा बर्फ झाला, की मुळांना पाणी शोषता येत नाही आणि वरून कोरडा वारा झाडाला सुकवतो. म्हणून तेथे कुंडी जमिनीत पुरतात. हरवलेले पांघरूण झाडाला परत देण्याचाच हा उपाय आहे.

आपली थंडी

कोल्हापूर भागात जानेवारीतील पहाटेचे तापमान सरासरीने १५ अंश सेल्सिअसच्या आसपास असते. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या परिसरात काही वर्षी दव गोठते. निरभ्र रात्री पाने व गवत आपली उष्णता आकाशाकडे सोडतात आणि भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होतात, म्हणून असे घडते. वारणानगरला मात्र कुंडीतील पाणी गोठण्याची भीती नाही.

शिवाय वड, पिंपळ, उंबर, नांदरुक ही उष्ण प्रदेशातील झाडे. त्यांना थंड खोलीतील विश्रांती नको असते. जपानी मेपलसारख्या झाडांचे याउलट असते. हिवाळ्यात पुरेशी थंडी मिळाली, तरच त्यांच्या कळ्या वसंतात नीट फुटतात. म्हणून ती आपल्याकडे चांगली रुजत नाहीत.

खरा धोका पाण्याचा

मग आपल्याकडे काळजी कशाची? हिवाळ्यात दिवस लहान होतो व ऊन सौम्य होते. झाडाची वाढ मंदावते आणि उन्हाळ्याच्या मानाने पानांतून कमी बाष्प बाहेर पडते. आपण मात्र सवयीने तेवढेच पाणी घालत राहतो.

एक स्पंज पाण्यात भिजवून तळहातावर आडवा धरा. पाणी गळणे थांबले, की तोच स्पंज उभा करा. पुन्हा पाणी गळू लागेल! पाण्याचा स्तंभ जितका उंच, तितका निचरा अधिक. उथळ कुंडी म्हणजे आडवा स्पंज. तिच्या तळाशी पाणी धरून राहते. त्यात शेतातील काळी माती भरली असेल, तर विचारूच नका. मुळांनाही श्वसनासाठी ऑक्सिजन लागतो आणि तो हवेपेक्षा पाण्यातून सुमारे दहा हजार पट सावकाश पसरतो. मातीच्या फटी पाण्याने भरल्या, की मुळे गुदमरतात व कुजतात.

काटेसावर, पांगारा अशा झाडांची पाने हिवाळ्यात आपोआप गळतात. झाड तहानले असे समजून आपण आणखी पाणी ओततो आणि निरोगी झाड गमावून बसतो. नखाने साल किंचित खरवडून पाहा. आत हिरवे दिसले, तर झाड जिवंत आहे, फक्त विसावले आहे.

तयारी अशी करा

डिसेंबरच्या अखेरीस वारणानगरला भर दुपारीही सूर्य दक्षिण क्षितिजापासून सुमारे ५० अंशच वर असतो. घराच्या उत्तरेच्या बाजूस सावली पडते. म्हणून कुंड्या दक्षिणेकडे हलवा. पाणी सकाळी द्या. मातीत बोट खुपसून पाहा आणि वरचा थर सुकला असेल तरच पाणी घाला. खत कमी करा. मुळांची छाटणी व कुंडी बदलणे नवी पालवी फुटण्याच्या सुमारापर्यंत लांबणीवर टाका. मंद वाढीच्या काळात जखमा लवकर भरून येत नाहीत.

करून पाहा

सकाळी पाणी घालून निथळल्यावर कुंडी तराजूवर ठेवा व वजन लिहून ठेवा. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पुन्हा वजन करा. जेवढे ग्रॅम कमी झाले, जवळजवळ तेवढे मिलिलिटर पाणी झाडाने व मातीने मिळून उडवले. ही नोंद नोव्हेंबर, जानेवारी आणि एप्रिल या तीन महिन्यांत करा व आलेख काढा. आपल्या झाडाला कोणत्या ऋतूत किती पाणी हवे, हे कोणत्याही पुस्तकापेक्षा तो आलेख अधिक खात्रीने सांगेल.